मराठाज गेले, पलटण राहिली

रंगपंचमीला येवल्याच्या टिळक मैदानात रंगांचे सामने होतात. ट्रॅक्टरवर रंगाच्या पाण्याची पिंपं चढवतात, दोन्ही बाजूंच्या गाड्या समोरासमोर येतात आणि मग जे काही सुरू होतं त्याला सामना म्हणायचं ते केवळ परंपरेने. पंच नाही, गुण नाहीत, निकाल नाही. अर्ध्या तासात कोण कुठल्या बाजूचा हेही ओळखू येत नाही. २०२४ची रंगपंचमी ३० मार्चला होती. माझ्या समोरच्या गाडीवर एक पोरगा पुणेरी पलटणची केशरी जर्सी घालून उभा होता. चार बादल्यांत ती जर्सी जांभळी झाली, आठ बादल्यांत काळपट. पोरगा मात्र प्रत्येक बादलीला ओरडत होता, "लोण चढवला रे, लोण!"

बरोबर २९ दिवसांपूर्वी, १ मार्चच्या शुक्रवारी, पुण्याच्या संघाने हैदराबादेत प्रो कबड्डीचा दहावा हंगाम जिंकला होता. त्या हंगामाची ही गोष्ट. पण ती सांगण्याआधी पुण्याच्या नावावर जमा असलेल्या आणखी एका विजेतेपदाची आठवण काढायला हवी. ते विजेतेपद कबड्डीचं नव्हतं, अमेरिकन फुटबॉलचं होतं. वाचकाने चष्मा पुसायची गरज नाही, बरोबर वाचलंत.

२०११च्या ऑगस्टमध्ये 'एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया' नावाच्या लीगची घोषणा झाली. पैसा आणि नावं दोन्ही अमेरिकेतली. शिकागो बेअर्सचे माजी प्रशिक्षक माइक डिटका, सुपर बोल जिंकलेला क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नर, वडिलांकडून भारतीय असलेला खेळाडू ब्रँडन चिलर, आणि नट मार्क वॉलबर्गसुद्धा. संघांची नावं ठेवली ती ऐकायला भारदस्त: मुंबई ग्लॅडिएटर्स, दिल्ली डिफेंडर्स, पुणे मराठाज. खेळाडू मात्र बहुतेक इथलेच. कुणी रग्बीतला, कुणी धावपटू, कुणी कबड्डीतला. यातल्या बऱ्याच जणांनी तो लांबट चेंडू आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतला होता. २०१२मध्ये पहिला हंगाम झाला, टेन स्पोर्ट्सवर दाखवला गेला आणि पुणे मराठाज विजेते ठरले. पुण्यात मिरवणूक निघाली नाही. पुण्यात हे किती जणांना कळलं, असा प्रश्नही कुणी विचारला नाही. पुढे ही लीग रुजली नाही.

खेळ वाईट होता असं मुळीच नाही. चार डावांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्याच्या हवाली. ही कल्पना आपल्या माणसाला अवघड जाण्याचं कारण नाही. दोन चढाया मोकळ्या गेल्या की तिसरीत गुण आणायचा, नाही तर बाद, हे कबड्डी बघणाऱ्या आपल्याकडच्या आजीबाईलाही कळतं. चौथा डाव आणि तिसरी चढाई ही तशी सख्खी चुलत भावंडंच. अडचण दुसरीकडे होती. त्या खेळाला शंभर यार्डांचं मैदान लागतं, वर दोन्ही टोकांना दहा-दहा यार्ड. प्रत्येकाला हेल्मेट, खांद्याचं चिलखत आणि अकरा-अकरांचे वेगवेगळे ताफे. नगरसूलच्या किंवा अंदरसूलच्या पोराने टीव्हीवर सामना पाहिला आणि सकाळी उठून खेळून बघावंसं वाटलं, तर खेळणार काय आणि कशाने? कबड्डीला १३ बाय १० मीटर जागा पुरते. फक्कीने रेषा आखल्या की झालं. तेवढी जागा तर कांद्याच्या खळ्यावरही निघते.

नावांची गंमत अशी की परक्या खेळाने 'मराठा' हे नाव घेतलं आणि तो परकाच राहिला. आपल्या खेळाच्या संघाने नाव घेतलं 'पलटण', आणि हा शब्द मूळचा आपला नाही. फिरंग्यांच्या कवायती फौजा आल्या त्यांच्याबरोबर तो आला, मराठ्यांच्या छावण्यांत रुळला आणि इतका मुरला की आता लग्नातल्या पोराटोरांच्या घोळक्यालाही आपण पलटणच म्हणतो.

पलटणची सुरुवात मात्र फौजेला शोभणारी नव्हती. प्रो कबड्डीचा पहिला हंगाम २६ जुलै २०१४ला सुरू झाला. त्या हंगामाला ४३ कोटींहून जास्त प्रेक्षक मिळाल्याचा आकडा तेव्हा छापून आला आणि मातीतला खेळ म्हणून नाक मुरडणारे गप्प झाले. आठ संघांत पुणे आठवं. दुसऱ्या हंगामातही आठवं. शेजारची यू मुंबा तोवर अनुपकुमारच्या नेतृत्वाखाली एकदा अंतिम फेरीत हरून पुढच्याच वर्षी, २०१५मध्ये, चषक घेऊन मोकळी झाली होती. हुतूतूला नियमांच्या चौकटीत बसवण्याचा खटाटोप ज्या महाराष्ट्रात झाला, १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने जो खेळ युरोपला दाखवला, बुवा साळवींनी ज्याच्यासाठी आयुष्य घातलं, त्या खेळात पुण्याने तळ राखावा हे जरा झोंबणारंच होतं. मधले काही हंगाम बरे गेले, काही विसरण्यासारखे. ते सोडून देऊ.

खरी गोष्ट सुरू होते १७ डिसेंबर २०२२ला, वरळीत. नवव्या हंगामाची अंतिम लढत, समोर जयपूर पिंक पँथर्स. पुण्याचा कर्णधार इराणचा फजल अत्राचली. हंगामभर ज्यांच्या जिवावर संघ इथवर आला ते अस्लम इनामदार आणि मोहित गोयत दोघेही जायबंदी. पुणे हरलं, ३३–२९. चार गुणांचं अंतर कबड्डीत म्हणजे एक बरी चढाई किंवा दोन अव्वल पकडी. फार वाईट अंतर असतं ते. वीसने हरलं की माणूस निदान झोपतो तरी.

हा ३३–२९चा आकडा लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

७ ऑक्टोबर २०२३, चीनमधलं हांगझोऊ. आशियाई स्पर्धेची अंतिम लढत, भारत विरुद्ध इराण. भारताच्या संघात नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार आणि नाशिकचा आकाश शिंदे. इराणच्या संघात अत्राचली आणि डाव्या कोपऱ्यातला तो दांडगा मोहम्मदरेझा शादलुई. सामना संपायला मिनिटभर उरलेलं, गुण बरोबरीत, भारताचा पवन सेहरावत तिसऱ्या चढाईला गेला आणि कुणाला न शिवताच राखीव पट्ट्यात उतरला. त्याच्या मागे इराणचे गडीही. आता बाद कोण? पवन एकटा, की मागे आलेले सगळे? नियम जुना लावायचा की नवा, यावर पंचांची मतं फिरली, फिरून पुन्हा फिरली. आधी एक संघ मॅटवर बसला, मग दुसरा. तासभर खेळ थांबला. अखेर निकाल लागला तो भारताच्या बाजूने, ३३–२९.

त्या चार गुणांनी डिसेंबरात पुण्याचा चषक गेला होता. आता त्याच चार गुणांनी अस्लमच्या गळ्यात सुवर्णपदक पडलं आणि शादलुईच्या वाट्याला भांडण आलं.

मधला एक दिवस गेला आणि ९ ऑक्टोबरला मुंबईत प्रो कबड्डीचा लिलाव सुरू झाला. पवनला तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतलं. शादलुईसाठी पुण्याने बोली लावली, वाढवली आणि २ कोटी ३५ लाखांवर त्याला उचललं. परदेशी खेळाडूला तोवर कुणी एवढी रक्कम मोजली नव्हती. शनिवारी जे दोघे एकमेकांसमोर पाय रोवून उभे होते ते आता एकाच संघात, अस्लम कर्णधार आणि शादलुई त्याच्या हाताखाली.

आपल्याला याचं फार नवल वाटू नये. इब्राहिमखान गारदी आधी निजामाच्या चाकरीत होता. पुढे तो भाऊसाहेबांकडे आला आणि पानिपतावर आपल्या तोफा आणि पलटणी घेऊन अखेरपर्यंत उभा राहिला. पगारी फौज म्हणजे बेइमान फौज, हा हिशेब इतिहासात नेहमी जमत नाही.

आणि इराणी कबड्डीला परकं म्हणताना नाशिक जिल्ह्याने तर जरा जपूनच बोलावं. २०१८च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत इराणच्या मुलींनी भारताच्या मुलींना २७–२४ असं हरवून सुवर्ण नेलं. त्या मुलींच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. भाषा वेगळी, खाणं वेगळं, तरी त्या तिकडे जाऊन राहिल्या आणि पोरींना पकड शिकवून आल्या. त्याच स्पर्धेत इराणच्या पुरुषांनी उपांत्य फेरीत भारताला २७–१८ने बाहेर काढलं होतं. आपण शिकवलं आणि ते शिकले. यात तक्रारीला जागा कुठे आहे?

दहावा हंगाम २ डिसेंबर २०२३ला अहमदाबादेत सुरू झाला. बारा संघ, बारा शहरं, प्रत्येकाला साखळीत बावीस सामने. पुण्याचा पहिला सामना ४ तारखेला जयपूरशीच होता. मागल्या वर्षीची उधारी पहिल्याच दिवशी फिटली, ३७–३३.

प्रशिक्षक बी. सी. रमेश कर्नाटकातले. बंगाल वॉरियर्सला २०१९मध्ये चषक मिळवून दिलेला माणूस. त्यांनी उभा केलेला हा संघ टीव्हीवाल्यांच्या दृष्टीने तसा गैरसोयीचा होता, कारण पोस्टरवर एकच चेहरा लावायचा तर कुणाचा लावणार? हंगामाचा सर्वोत्तम चढाईपटू ठरला दिल्लीचा आशू मलिक. पुण्याकडे तसा एकखांबी तंबू नव्हताच. आज अस्लम चालला, उद्या मोहित, परवा आकाश. कुणीच चालला नाही तर बाकावरून पंकज मोहिते उठायचा. अस्लम आणि मोहित चढाई करून परत आले की पकडीलाही तेवढेच तिखट. बाकीचे संघ आपला मुख्य चढाईपटू बाद झाला की त्याला परत आत आणण्यासाठी तडफडायचे. पुण्याचा कुणीही बाहेर गेला तरी आत उरलेल्यांतला कुणीतरी मांडीवर थाप मारून उठायचा.

पैठणीच्या पदरावरचा मोर असाच विणतात. एकच धोटा या काठापासून त्या काठापर्यंत पळत नाही. प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी असते, ती आपल्यापुरते चार धागे ओलांडते, शेजारच्या रंगात अडकते आणि मागे फिरते. मोर पुरा झाल्यावर कुठल्या कांडीने किती काम केलं हे कुणी मोजत नाही. (येवलेकराला कुठल्याही विषयात पैठणी आणायची सवय असते, ती माझ्यापुरती माफ करावी.)

बचावात मात्र एक चेहरा होता. शादलुईची डाव्या कोपऱ्यातली जागा म्हणजे चढाईपटूंना टाकलेलं आमिषच. तो जरा सैल उभा आहे असं वाटायचं, चढाईपटू पाय लांबवायचा, आणि पुढच्या क्षणी त्याचा घोटा शादलुईच्या पंजात. उजवीकडे गौरव खत्री, मध्ये तामिळनाडूचा अबिनेश नादराजन आणि संकेत सावंत. घोटा धरला की बाकीचे तिघे अंगावर पडायला अर्धा श्वासही घ्यायचे नाहीत. कबड्डीत पकड एकाच्या नावावर लिहितात ती वहीची सोय म्हणून. शादलुईच्या नावावर हंगामअखेर पकडीचे ९९ गुण लागले. शंभराला एक कमी. हा एक गुण कुठे राहिला याचा शोध गावोगावी पानटपऱ्यांवर घेतला गेला असणार.

डिसेंबरच्या मध्यात पलटणचा मुक्काम घरी, बालेवाडीत होता. १५ ते २० डिसेंबर. श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात ढोलताशे, केशरी झेंडे आणि 'गणपती बाप्पा मोरया'. अकरा वर्षांपूर्वी याच शहराच्या नावाचा एक संघ विजेता झाला होता तेव्हा एक टाळी ऐकू आली नव्हती.

साखळी संपली तेव्हा हिशेब असा होता: २२ सामने, १७ विजय, ३ बरोबरी, २ पराभव, गुण ९६, जागा पहिली. जयपूर ९२ गुणांनी दुसरं. पहिल्या दोघांना थेट उपांत्य फेरी. २८ फेब्रुवारीला हैदराबादच्या गच्चीबोवलीत पुण्यासमोर पाटणा पायरेट्स आले. शादलुईचा हा जुना संघ; हिंदुस्थानात त्याचं नाव झालं ते पाटण्याच्याच जर्सीत. सामना एकतर्फी, ३७–२१. दुसरीकडे हरियाणा स्टीलर्सने जयपूरला ३१–२७ने घरी पाठवलं. जयपूर गेलं याचं पुण्याला सुख झालं असेल तर ते चुकीचं होतं, कारण हरियाणा जास्त चिवट निघणार होती.

१ मार्चची रात्र. मी एका ओळखीच्या विणकर काकांच्या घरी होतो. पुढच्या खोलीत माग, मागावर अर्धा विणलेला पदर, आणि टीव्ही ठेवायला दुसरी जागा नसल्याने तो मागाच्या समोरच. एरवी नऊनंतर काका डोळ्यांना त्रास नको म्हणून माग बंद ठेवतात. त्या रात्री ते मागाच्या खड्ड्यातच पाय सोडून बसले होते. खुर्चीपेक्षा तिथून नीट दिसतं म्हणाले.

सामन्याआधी संघांची नावं पडद्यावर आली तेव्हा घरात थोडा गोंधळ उडाला. हरियाणाच्या चढाईत नगरकडचा शिवम पटारे आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई. पुण्याच्या चढाईत मोहित गोयत, हरियाणाचा. काकांच्या नातवाने विचारलं, "मग आपण कुणाकडून?" काका म्हणाले, "केशरीकडून. गप बस."

पहिलं सत्र म्हणजे दोन सावध पैलवानांची खडाखडी. कुणी धोका पत्करेना. चढाईपटू जायचे, निदान रेषा ओलांडायचे आणि तीस सेकंद घालवून परत यायचे. तिसऱ्या चढाईची वेळ आली की एखादा गुण इकडे, एखादा तिकडे. हरियाणाचा कर्णधार जयदीप दहियाचा बचाव पुण्याच्या कांड्यांना एकमेकांत अडकू देत नव्हता. मध्यंतर जवळ आलं आणि पंकज मोहिते चढाईला गेला. मुंबईच्या मॅटवर घडलेला हा गडी. मागल्या वर्षीच्या उपांत्य सामन्यात त्यानेच पुण्याला तारलं होतं, तरी या हंगामात बराच काळ तो बाकावर होता. हरियाणाने त्याला घेरलं, तो घोळक्यातून वाकून, सुटून, मध्यरेषेकडे पडला. पडताना हात रेषेपलीकडे होता. एका चढाईत चार गुण! काका खड्ड्यात उभे राहायला गेले आणि डोकं वरच्या दांडीला आपटलं. मध्यंतराला पुणे १३–१०.

मध्यंतरानंतर थोड्याच वेळात हरियाणावर लोण चढला. पुण्याची आघाडी सातापर्यंत गेली. इथे सामना संपला असं वाटणाऱ्यांत मीही होतो आणि चहा ठेवायला सांगितला. ते चुकलं. हरियाणाने एकेक गुण करत अंतर खायला सुरुवात केली. पटारे पळतो वेगाने आणि अंगाने सडपातळ असल्याने हाती लागत नाही. शेवटच्या मिनिटांत पुण्याने चढाया केल्या त्या गुणांसाठी नव्हत्या, घड्याळासाठी होत्या. पंकज आत जायचा, रेषेपाशी कमरेत वाकून उभा राहायचा, सेकंद मोजायचा आणि परतायचा. ही कबड्डी बघायला सुंदर नसते. चहा आला तो निवला. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा पाटीवर २८–२५ होतं.

तीन गुण. मागल्या वर्षी चारने गेलेला चषक तीनने आला. पंकजचे ९ गुण, गौरव खत्रीच्या चार पकडी. शादलुई हंगामाचा सर्वोत्तम बचावपटू आणि अस्लम हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू. लहानपणी वडील गेले, आईने मजुरी करून वाढवलं, हे त्याच्याबद्दल तोवर सगळ्या पेपरांत येऊन गेलं होतं. काकूंना ते माहीत होतं. चषक हातात घेतलेला अस्लम पडद्यावर दिसला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "त्याची आई बघत असेल ना आत्ता?"

विजेत्याला ३ कोटी रुपये मिळाले. आठवी जागा, पुन्हा आठवी जागा, मग वरळीतले ते चार गुण, असं करत दहाव्या हंगामात पुण्याने चषक घेतला. यू मुंबानंतर महाराष्ट्रात तो दुसऱ्यांदा आला, साडेआठ वर्षांनी.

पुढचं थोडक्यात. लिलाव पुन्हा झाला, ऑगस्ट २०२४मध्ये. पुण्याने शादलुईला राखलं नाही. २ कोटी ७ लाखांना तो गेला तो थेट हरियाणाकडे, ज्यांना मार्चमध्ये त्याने हरवलं होतं त्यांच्याच कोपऱ्यात. अकराव्या हंगामात अस्लम दुखापतीने बाहेर बसला आणि पलटण बाद फेरीपर्यंत पोचलीच नाही. अंतिम सामना नेमका पुण्यात, बालेवाडीत, २९ डिसेंबर २०२४ला. हरियाणाने पाटण्याला ३२–२३ने हरवलं, पहिला चषक घेतला आणि हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला शादलुई.

संक्रांत पंधरा दिवसांवर होती. येवल्यात त्या दिवसांत दुसरं काही बोलायला कुणाला सवड नसते. गल्लोगल्ली मांजा सुतवणं, आसाऱ्या म्हणजे मांजाच्या फिरक्या घासणं, गच्च्यांची वाटणी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकांकडे गेलो तेव्हा नातू दारात आसारीला दोरा भरत बसला होता, पलटणच्या केशरी जर्सीत. काका मागावर होते.

"शादलू जिंकला म्हणे काल," ते म्हणाले.

"जिंकला. पण हरियाणाकडून."

त्यांनी मोराच्या मानेतली हिरवी कांडी काढली, निळी घातली, चार धागे ओलांडले.

"पुढचा लिलाव कधी आहे?"